मध्यंतरात न मोजलेली दोरी

त्या रविवारी मुरबाडला सामना संपला. रेफरींनी शिट्टी खिशात ठेवली, काठी खांद्यावर घेतली आणि शहापूरची एसटी पकडली. त्यानंतर त्यांनी सामना चालवला नाही.

त्यांचं नाव रेशनकार्डावर होतं. बाकी सगळीकडे ते रेफरी. मी शहापूरच्या वाचनालयात ग्रंथपाल होते आणि त्यांची पिठाची गिरणी आमच्या भिंतीला लागून होती. गिरणी सुरू झाली की माझ्या टेबलावरची टाचण्यांची डबी थरथरायची, आणि खिडक्या उघड्या ठेवल्या तर दुपारपर्यंत पुस्तकांवर पिठाचा थर बसायचा. गिरणी खरं तर काकू चालवत, म्हणजे त्यांची बायको. रेफरी तिथे असत. असत म्हणजे काय, तर गिरणीच्या दारातून वाचनालयाच्या पायरीपर्यंत, तिथून समोरच्या सायकलवाल्याकडे, तिथून परत. पाच मिनिटं एका जागी बसलेले मी त्यांना पाहिले नाहीत. काकू म्हणायच्या, "गिरणी पट्ट्यावर फिरते. आमचं हे कशावर फिरतं ते अजून मला गावलं नाय."

रस्ता ते नेहमी तिरका ओलांडत. बाजारातही सरळ चालणं त्यांना जमत नसे. एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्याला जात, मान वळवून दोन्ही बाजूंची दुकानं पाहत. मैदानावर पंचाने असंच तिरकं धावायचं असतं, म्हणजे चेंडू नजरेसमोर राहतो, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. दोन्ही मनगटांवर घड्याळं. एक चालू राहायचं, दुसरं सामना थांबला की थांबवायचं. सामने बंद झाल्यावरही दुसरं घड्याळ हातावर होतंच, फक्त ते थांबलेलं होतं.

तरुणपणी ते मुंबईला कापडगिरणीत होते. गिरणीच्या संघातून खेळायचे. गुडघा गेला, तेव्हा पंचाची परीक्षा दिली. "खेळता येत नाय म्हटल्यावर खेळवायला शिकलो," असं सांगत. पुढे ती गिरणी बंद पडली आणि ते गावी येऊन भावाच्या पिठाच्या गिरणीत उभे राहिले. तेव्हापासून शहापूर आणि मुरबाड तालुक्यातला फुटबॉल त्यांच्या शिट्टीवर चालला. किन्हवली, आटगाव, टोकावडे, जिथे कुठे भात कापून झाल्यावर दोन खाचरांमधला बांध फोडून मैदान करत, तिथे रविवारी रेफरी हजर. गिरणीतही शिट्टी गळ्यात असे. दळण झालं की एक लांब शिट्टी. वीज गेली की दोन आखूड. बायका डबे घेऊन बरोबर येत.

आता काठीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच येतं.

आमच्याकडे गोलाला लाकडी आडवा खांब नसायचा. दोन बाजूंना दोन वेळू रोवायचे आणि वरून दोरी बांधायची. दोरीखालून चेंडू गेला तर गोल, वरून गेला तर नाही. नियमपुस्तकात अशी दोरी नाही, पण खाचरात पुस्तक चालत नाही. दोरी मधोमध लोंबते, तिला झोळ पडतो. म्हणून रेफरींनी बरोबर आठ फूट उंचीची एक वेळूची काठी करून घेतली होती. सामन्याआधी गोलाच्या मधोमध ती उभी धरायची आणि दोरी काठीच्या टोकाला लागेपर्यंत ताणून घ्यायची. मध्यंतरात पुन्हा, कारण पहिल्या अर्ध्या वेळात चेंडू आदळून गाठी सरकतात. ही काठी ते एसटीतून नेत. ड्रायव्हरच्या पाठीपासून चौथ्या सीटपर्यंत ती आडवी पडे आणि लोक वाकून पलीकडे जात. एका कंडक्टरने विचारलं होतं, "रेफरी, काठीला सीट देऊ का?" ते म्हणाले, "तिला उभं राहायची सवय हाय." आणि स्वतःही दाराजवळ उभेच राहिले.

सामना असेल त्या गावात ते पाणी पीत नसत. घरून बाटली भरून नेत. "पाण्याला बाजू असते गो, लायब्ररी," ते मला म्हणाले. मला ते लायब्ररीच म्हणत. ही सवय इतकी अंगात मुरली की लग्नाला गेले तरी ना मुलाकडच्यांत बसत ना मुलीकडच्यांत; मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहत आणि अक्षता टाकून घरी येऊन जेवत.

आणखी एक. निर्णय बदलायचा असेल तर खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत. एकदा खेळ सुरू झाला की संपलं. हा नियम त्यांनी घरातही लावला होता. काकूंनी मिरची आणायला पाठवलं तर हळद घेऊन आले. बदलून आणा म्हटलं तर म्हणाले, "खेळ सुरू झाला." त्या घरात पुढे कितीतरी दिवस सगळं पिवळं शिजत होतं.

हे सगळं मी हसत हसतच पाहत होते. मग एक दिवस त्यांनी वह्या आणून दिल्या.

सामने बंद करून वर्ष झालं असेल. गिरणीत ठेवल्या तर पिठाचे किडे खातात, तुझ्या कपाटात ठेव म्हणाले. जाड पुठ्ठ्याच्या तेरा वह्या. प्रत्येक सामन्याला एक पान. पानावर रेघा आखून रकाने: गाव, संघ, वारा कुठून, दोरी, निकाल, शेरा. मला छापील किंवा लिहिलेलं काहीही वाचल्याशिवाय कपाटात ठेवता येत नाही. संध्याकाळी वाचनालय रिकामं झालं की मी एकेक वही काढून वाचत बसे. दोरीच्या रकान्यात प्रत्येक पानावर तेच: आधी आठ, मध्यंतर आठ. शेकडो पानं आधी आठ, मध्यंतर आठ. तेराव्या वहीचं शेवटचं पान आलं. मुरबाड, अंतिम सामना. आधी आठ. मध्यंतर, पुढे एक रेघ. नंतर, सहा फूट दहा इंच. निकालाचा रकाना कोरा.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. ते दोन कपाटांच्या मधल्या बोळात येरझाऱ्या घालत बोलले, आणि बोलताना पुस्तकांच्या पाठीवरची नंबरांच्या चिठ्ठ्या बोटाने दाबत राहिले.

त्या अंतिम सामन्याला कल्याणच्या एका कंपनीचा माणूस आला होता. कंपनीच्या संघासाठी दोन खेळाडू घ्यायचे होते. ज्याची निवड होईल त्याला नोकरीही. सगळ्यांचं लक्ष टोकावड्याच्या पुढच्या एका पाड्यावरच्या बुधावर होतं. बावीस वर्षांचा, अनवाणी खेळायचा. मध्यंतरात आयोजकांनी रेफरींचा सत्कार ठेवला. इतकी वर्षं सामने चालवले म्हणून मांडवात बोलावलं, माइकवरून चार शब्द बोलले, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. कुठल्या गावात पाणीही न घेणारा माणूस त्या दिवशी शाल घेऊन दहा मिनिटं उभा राहिला. आणि दोरी मोजायची राहिली.

बुधाचा संघ एक-शून्यने मागे होता. शेवटच्या पाच मिनिटांत बुधाने लांबून मारलेला चेंडू दोरीला वरून घासून पलीकडे गेला. वरून म्हणजे वरून; सगळ्यांनी पाहिलं, बुधानेही. रेफरींनी गोल नाही म्हणून हात हलवला. कोणी वादही घातला नाही. सामना संपला, लोक मांडवाकडे पळाले, आणि हे सवयीने काठी घेऊन गोलाजवळ गेले. दोरी काठीच्या टोकाच्या दीड वीत खाली लोंबत होती. दुरून तो झोळ कळत नाही. दोरी जागेवर असती तर चेंडू तिच्या खालून गेला असता.

"मग सांगितलं नाहीत?" मी म्हटलं.

"खेळ सुरू झाला होता," ते म्हणाले. आणखी एक चिठ्ठी दाबली. मग म्हणाले, "तो कल्याणचा माणूस दोन नावं लिहून घेऊन गेला. दोन्ही जिंकलेल्या संघातली."

तेव्हापासून त्यांचे रविवार मला कळू लागले. दर रविवारी सकाळी ते किन्हवलीमार्गे मुरबाडची गाडी पकडत, काठी न घेता. टोकावड्याकडे जायचं तर सरळगावला उतरून दुसरी गाडी घ्यावी लागते. ते सरळगावला उतरत, फाट्यावर उभ्याने चहा घेत, टोकावड्याची गाडी येताना पाहत, जाताना पाहत, आणि परत येत. मी कधी विचारलं नाही. सोमवारी ते आपणहून सांगत, "सरळगावपर्यंत जाऊन आलो." जणू पुढे रस्ताच नाही. गाडी चुकली, ऊन होतं, पाड्यावर कोणी भेटलं नसतं. एकदा म्हणाले की जाऊन तरी काय सांगायचं, त्याचं आता बरं चाललं असेल. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. सरळगावपर्यंत.

त्या सामन्याला अशी बारा वर्षं झाली. माझ्या वाचनालयात संगणक आला, दरवर्षी जुना वाचक एखादा कमी होत गेला. रेफरींचं चालणं तसंच. मग एक दिवस ते आले आणि चिठ्ठ्यांवरचे नंबर चुकीचे वाचू लागले. कल्याणच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. एक डोळा गेल्यातच जमा, दुसराही फार दिवस नाही.

त्या दिवशी प्रथमच ते माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. पाय हलत होते. "लायब्ररी," ते म्हणाले, "त्याचं तोंड दिसतंय तोवर जाऊ या. गाडीची पाटी वाचायला तू चल."

काठी या वेळी बरोबर घेतली. सरळगावला उतरलो, तेव्हा ते सवयीने चहाच्या टपरीकडे वळले. मी त्यांचा दंड धरला आणि टोकावड्याच्या गाडीत बसवलं. बसले नाहीत, उभे राहिले, पण गाडीत होते.

पाड्यावर मोहाची फुलं अंगणभर वाळत घातली होती. बुधा चौतीस-पस्तिसचा झाला होता. केस कानांजवळ पांढरे. बायको फुलं चाळत होती, पोरं ती वेचत होती. त्याने आधी माणूस पाहिलाच नाही, काठी पाहिली.

"काठीवरून वलखला," तो म्हणाला. "या. बसा. पानी आन गं."

रेफरी बसले नाहीत आणि पाण्याला नको म्हणाले. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा तिरके चालले, फुलांवर पाय न देता, आणि उभ्याने बोलले.

"बुधा, तो गोल होता."

बुधाने कुठला म्हणून विचारलं नाही. तो वाकून फुलं हाताने पसरत राहिला.

"मापली का तुमी?"

"सामना संपल्यावर. सहा फूट दहा इंच."

"मंग तवाच का नाय बोललाव?"

"खांद्यावर शाल होती."

बुधाची बायको चाळायची थांबली. बुधा जमिनीकडे पाहत म्हणाला, "ती दोरी माझी व्हती. बैलाची. सकाली मीच बांधली." मग त्याने सगळं सांगितलं, एका सुरात, जसं कोणी रोजचं काम सांगतं. त्या दिवशी दोरी कमी पडली म्हणून त्याने घरच्या बैलाची दोरी नेली होती. परतताना त्याने ती सोडली, तेव्हा गाठ सरकलेली त्याच्या हाताला लागली. बारा वर्षं तो हेच समजत होता की आपलीच गाठ, आपलाच झोळ, आपलीच नोकरी गेली. संघातले त्याला अजून चिडवत. तो त्या दिवसानंतर पुन्हा खेळला नव्हता.

"गाठ तुझी," रेफरी म्हणाले, "माप माझं. मैदान तपासायचं काम पंचाचं."

"पन बांधली मी ना."

"तू बांध नायतर तुझा बाप बांधो. मोजायची मी."

"अवो पन गाठ..."

बुधाची बायको हसली. "बारा वरसांनी भांडतान," ती मला म्हणाली, "नि ते बी माझा चुकला, माझा चुकला करून."

कोणीच हसलं नाही तेव्हा ती पुन्हा फुलं चाळू लागली. बुधा उठून उभा राहिला. तो रेफरींपेक्षा वीतभर उंच होता.

"माफ केला बोलू का? ते मना नाय येत. माझी पोरा हितं फुला येचतान, तुमी बगतावच." मग तो म्हणाला, "पन गोल मना पायजे. हितं नाय. मुरबाडला द्या. जितं शाल घेतलाव तितं. माइकवर."

परतीच्या गाडीतही रेफरी दाराजवळ उभेच होते. मी वाट पाहत होते की आता ते म्हणतील, खेळ सुरू झाला. त्यांनी म्हटलं नाही. सरळगाव आलं, गेलं. किन्हवलीच्या पुढे त्यांनी एवढंच विचारलं की यंदाचा अंतिम सामना कधी.

तो पुढच्याच रविवारी होता. मैदान तेच, मांडव तसाच. आयोजकांत बरेच जण नवे होते. म्हाताऱ्या पंचाला दोन शब्द बोलायचे आहेत म्हटल्यावर त्यांनी मध्यंतरात माइक दिला. त्यांना वाटलं, आठवणी सांगतील. काकू माझ्या शेजारी पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. मैदानाच्या पलीकडे बांधावर बुधा आणि त्याची बायको.

रेफरी माइकवर अगदी शुद्ध बोलले, अहवाल वाचावा तसे. बारा वर्षांपूर्वी याच मैदानावर अंतिम सामन्यात मी एक गोल नाकारला. तो गोल होता. मध्यंतरात दोरी मोजायला हवी होती, मी मोजली नाही, कारण मी इथे शाल घेत होतो. सामना संपल्यावर मोजली आणि गप्प राहिलो.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "मंग कप आनू का परत?" आणि मांडव हसला. म्हातारा सटकला, असंही कोणी म्हणालं. ते मला ऐकू आलं म्हणजे त्यांनाही आलं असणार. रेफरींनी आवाजाच्या दिशेला तोंड केलं.

"नाय," ते म्हणाले. "एक-एक झाला. बरोबरी. पुढचा खेळ राहिला."

त्यांनी माइक खाली ठेवला, शिट्टी तोंडाला लावली आणि लांब फुंकली. हात लांब करून मैदानाच्या मध्याकडे दाखवला, गोल झाल्यावर पंच दाखवतो तसा. तो हात त्यांनी खाली घेतला नाही. लोक हसायचे थांबले तरी घेतला नाही. आयोजकांपैकी एकजण त्यांना धरून खाली आणायला पुढे झाला आणि काकूंनी त्याला हाताने अडवलं.

बुधा बांधावरून उतरला. चपला त्याने बांधावरच काढल्या. कडेला पडलेला चेंडू उचलला, मैदानाच्या मधोमध नेला आणि चुन्याच्या खुणेवर ठेवला. गोल झाल्यावर जिथून खेळ पुन्हा सुरू होतो, तिथे. मग तो मागे वळून न पाहता बांधाकडे गेला. तेव्हा रेफरींनी हात खाली घेतला.

दुसरा अर्धा वेळ सुरू झाला. मी त्यांना धरून बांधाकडे नेलं. तिकडेच चला म्हणाले. बुधाने पाण्याची बाटली पुढे केली. रेफरी दोन्ही हातांनी ती धरून सगळं पाणी प्यायले. मग काठी त्याच्या हातात दिली. बुधा म्हणाला, मी काय करू हिचा. रेफरी म्हणाले, मध्यंतरात मोज.

त्यानंतर ते शांत झाले, असं लिहायला मला आवडलं असतं. झाले नाहीत. दुसरा डोळाही गेला आणि ते गिरणीच्या अंगणात भिंतीला हात लावून चालत राहिले, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, तिरके. रविवारी पायात चपला घालून दारात उभे राहायचे आणि काकू त्यांना चपला काढायला लावायच्या. दर दोन दिवसांनी मला विचारायचे, निकाल लिहिला का. लिहिला होता. पुन्हा वाचून दाखव म्हणायचे. मी तेरावी वही काढून गिरणीत जायचे आणि पट्ट्याच्या आवाजात मोठ्याने वाचायचे. एकदा सही राहिली म्हणून त्यांनी वही मागितली. मी त्यांचं बोट ओळीवर ठेवलं आणि त्यांनी सही केली, ओळीच्या जरा वर. पुढच्या थंडीत ते गेले. जाताना गळ्यात शिट्टी होती, काकूंनी ती तशीच जाऊ दिली.

हे मी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा ठेवून दिलं. गिरणी आता बंद आहे. पुस्तकांवर पीठ बसत नाही, आणि टाचण्यांची डबी थरथरत नाही याची मला अजून सवय झालेली नाही. शाल काकूंच्या ट्रंकेत आहे, त्या दिवसानंतर न उलगडलेली. काठी बुधाकडे आहे. मुरबाडच्या गोलांना लोखंडी खांब आले आहेत, तरी तो दरवर्षी येतो आणि मध्यंतरात ती उभी धरून बघतो, असं सांगतात.

तेरा वह्या वाचनालयाच्या कपाटात आहेत. शेवटच्या पानावर निकालाच्या रकान्यात बरोबरी लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे, सही त्यांची.